प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तीन महिने

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुनी कानाची मशीन आहे आणि मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. हसा, हसा! जिचा जन्मच आवाज ऐकण्यासाठी झाला, तिनं आवाजाला घाबरावं हे विचित्रच आहे. पण स्वभावाला औषध नाही. मी पाण्याला घाबरते, घामाला घाबरते, टेबलाच्या कडेला घाबरते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी माझी गत. तरी आज धीर करून माझी गोष्ट सांगते, कारण ती नुसती माझी नाही. ती भक्ती नावाच्या एका लहान मुलीचीही आहे.

पुस्तकात मला 'श्रवणयंत्र' म्हणतात. हल्ली कानामागे दडून बसणारी शेंगदाण्याएवढी यंत्रं दिसतात ना, ती माझी नातवंडं. मी काड्यापेटीहून थोडी मोठी, राखाडी रंगाची डबी. डोक्यावर बारीक जाळी, तिच्यातून मी आवाज आत घेते. पोटात एक पेन्सिल सेल. माझ्यातून दोन वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना दोन बटणं असतात. ती कानाच्या मापाच्या साच्यात बसतात. मूल लहान असलं की मला कापडी पट्ट्यांनी त्याच्या छातीवर बांधायचं आणि बटणं कानात घालायची. जाळीतून आवाज आत येतो आणि मोठा होऊन कानात जातो. एवढंच माझं काम.

माझा जन्म १९९४ सालचा, नोएडातला. तेव्हा तिथले अर्धे सेक्टर नुसत्या पाट्यांवर होते. बाहेरच्या देशांतले सुटे भाग सहज मिळू लागले होते, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा बायका भिंगातून बघत बघत माझ्यासारख्या डब्या जोडायच्या. मला जोडून झाल्याबरोबर एका बंद पेटीत घातलं आणि माझ्या जाळीवर असा काही कर्कश आवाज सोडला, की काय सांगू! ती माझी परीक्षा होती म्हणे. मी पास झाले, पण तेव्हापासून जी धडकी भरली ती भरलीच.

तिथून मी गुडगावला आले. एका नव्या वसाहतीत, एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळमजल्यावर लहान मुलांचे कान आणि बोलणं तपासण्याचं केंद्र होतं. चहूकडे अर्धवट उभी घरं, त्यांच्या मागे मोहरीची शेतं, आणि दिवसभर विटांचे ट्रक. आतल्या एका खोलीच्या भिंतींना जाड गालिचे लावले होते, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. तिथे वैजयंती मॅडम काम करायच्या. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेल्या मराठी बाई. त्यांचं मराठी दिल्लीचं होतं, म्हणजे तीन शब्द मराठी की चौथा हिंदी. स्वभावानं प्रेमळ, पण कामाच्या बाबतीत एकदम कडक.

मॅडमच्या टेबलाला खाली एक ड्रॉवर होता. त्या ड्रॉवरनं मला जेवढं घाबरवलं तेवढं कशानंच नाही. त्यात लोकांनी परत आणून दिलेल्या मशीन पडलेल्या असायच्या. प्रत्येकीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर दोन शब्द: 'फायदा नाही'. मी नवीन होते, वरच्या कपाटात होते, पण ड्रॉवर उघडला की त्या चिठ्ठ्या दिसायच्या आणि माझ्या छातीत धस्स व्हायचं. एखाद्या मुलाला आपला फायदाच झाला नाही, हे आयुष्यभर गळ्यात बांधून अंधारात पडून राहायचं! नको रे बाबा.

आणि मग १९९५ च्या दिवाळीनंतर भक्ती आली. वय सव्वादोन वर्षं, दोन शेंड्या, लाल स्वेटर. तिचे वडील मारुती फौजेत नाईक होते, आई कौशल्या. दोघं साताऱ्याकडच्या खेड्यातली, राहायला दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. मॅडम मराठी बोलतात हे कळल्यावर कौशल्याला रडूच आलं. डोळे पुसत तिनं सगळं सांगितलं, आणि मी कपाटातून ऐकत राहिले.

भक्ती सातव्या महिन्यात जन्मली होती. वजन सव्वा किलो. पाच आठवडे काचेच्या पेटीत. त्यात कावीळ इतकी चढली की डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण पोर चिवट, जगली. घरी आली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरी सोडताना दिलेल्या इंग्रजी कागदावर एक ओळ होती, तीन महिन्यांनी कान तपासून घ्या म्हणून. तो कागद औषधांच्या पावत्यांखाली फायलीत गेला आणि तिथेच राहिला.

"बाळ इतकं गुणाचं होतं ना मॅडम," कौशल्या म्हणाली, "आमच्या क्वार्टरवरून विमानं जातात, अगदी कौलाला घासून गेल्यासारखी. शेजारची सगळी पोरं दचकून उठायची. आमची भक्ती आपली गाढ झोपलेली. मला कौतुक वाटायचं. शेजारच्या गढवाली भाभी म्हणायच्या, बड़ी सीधी बच्ची है."

"मग बोलेना म्हणून शंका आली," मारुती म्हणाला. "गावाकडनं आईचं पत्र आलं, की दिल्लीत दोन-दोन भाषा कानावर पडतात, पोर गोंधळली असेल. आम्हाला पटलं ते. मी मागून थाळी वाजवून बघितली. तिनं वळून बघितलं!"

"सावली बघून वळली असेल," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी भक्तीच्या मागे बसून थाळी वाजवली, पण थाळीची सावली भक्तीच्या पुढ्यात पडणार नाही अशा बेतानं. भक्ती खेळत राहिली. पुन्हा वाजवली. भक्ती खेळतच राहिली.

मोठ्या इस्पितळात तिला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होतं. मॅडमनी कागद पुढ्यात ठेवून सांगितलं, "मशीन लावली तर आवाज पोचेल. पण उशीर झालाय, ते आधीच सांगते. आवाजाची वाट लहानपणीच पडते, कौशल्या. पायवाटेसारखी. कोणी चाललंच नाही तर तिच्यावर रान माजतं. तिसऱ्या वर्षाच्या आत जेवढं चालाल तेवढं खरं. आता एक दिवस पण फुकट घालवायचा नाही, अच्छा?"

"आमचं युनिट एप्रिलमध्ये हलणार," मारुती हळूच म्हणाला. "पुढची पोस्टिंग पार सरहद्दीवर. फॅमिली नेता येणार नाही. ह्या दोघी गावी जातील."

"गावाजवळ असं केंद्र आहे?"

मारुतीनं मान हलवली. नव्हतं.

झालं, तर असा सगळा मामला होता. एप्रिलच्या आत भक्तीला ऐकायची सवय लागली, तर पुढचं काम कौशल्या गावीसुद्धा करू शकणार होती. नाही लागली, तर ती वाट बंद. मॅडमनी वरचं कपाट उघडलं आणि माझ्यावर हात ठेवला. "ही घेऊन जा. तीन महिने वापरा. दर महिन्याला दाखवायला या. फायदा झाला तर तुमचीच. नाही तर... लिस्ट मोठी आहे हो, दुसरी मुलं पण थांबलीत."

मला तो खालचा ड्रॉवर आठवला.

भक्तीच्या कानांचे साचे तयार झाले, मला पट्टे लावले, आणि आम्ही हरियाणाच्या बसमधून धौला कुवाँमार्गे कॅन्टोन्मेंटला आलो. बसमध्ये कौशल्यानं मला पदराखाली असं धरलं होतं, जसं कुणी देव्हाऱ्यातला देव घेऊन चाललंय. कुणाचा धक्का लागला की ती शहारायची. मला वाटलं, वा! माझ्याहून भित्रं कुणी तरी भेटलं.

आता मित्रांनो, तिच्या घरात काय होतं ते ऐका. नवा रंगीत टीव्ही होता, त्यावर झालरीचं कव्हर. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. मिक्सरला टोपी. सोफ्याच्या गाद्यांवर दुकानातली प्लास्टिकची पन्नी तशीच. ती काही येडी नव्हती. फौजीच्या घरात वस्तू एकदा येते, दर दोन-तीन वर्षांनी खोक्यात भरून देशभर फिरते, ती टिकायला नको? कौशल्या वस्तू जपायला अशीच शिकली होती. आणि मी तर टीव्हीपेक्षाही मोलाची. लेकीचे कान!

तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. डोक्यावरची जाळी दिसली. "अगं बाई, ह्यातून तर धूळ जाईल आत," ती पुटपुटली. तिनं नव्या शर्टाची पन्नी कातरली, मला तिच्यात गुंडाळलं, आणि मेणबत्तीवर कड धरून चिकटवून टाकली. एकदम घट्ट! मग फ्लॅनेलची पिशवी शिवली, मऊ, गुलाबी, वर भक्तीच्या नावाचा 'भ' भरलेला. मला त्यात घातलं. डिसेंबरची थंडी, म्हणून वर लाल स्वेटर. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत.

अरे देवा! मी आतून ओरडत होते, जाळी उघडी ठेव, बाई! पण मित्रांनो, मला ऐकता येतं, बोलता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कौशल्यानं बटणं भक्तीच्या कानात घातली आणि मला चालू केलं. ती समोर बसून हसत म्हणाली, "भक्ती! ए भक्ती!" पण तिची हाक माझ्यापर्यंत आली ती भिंतीपलीकडून आल्यासारखी. आणि जवळून काय आलं? पन्नीची चरचर. फ्लॅनेलची खसखस. भक्तीनं नुसता हात हलवला तरी माझ्या जाळीवर पन्नी घासायची, आणि मी बिचारी, मला आलेला आवाज मोठा करण्यापलीकडे काय येतं? मी ती चरचर मोठी केली. अजून मोठी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीच्या कानांत काही गेलं, ते असं. भक्ती किंचाळली. दोन्ही हातांनी बटणं उपटली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. कौशल्या नेटानं रोज लावायची. शिरा देऊन, कडेवर घेऊन, कधी रडून, कधी रागावून. आणि रोज मी त्या पोरीला घाबरवायचे. तिचं काळीज माझ्याखाली धडधडायचं, आणि ते मला स्पष्ट कळायचं. एकमेकींना घाबरलेल्या दोघी एकाच स्वेटरमध्ये, अशी आमची तऱ्हा होती. महिन्याभरात अशी वेळ आली की कौशल्यानं गुलाबी पिशवी हातात घेतली तरी भक्तीची पाचावर धारण बसायची.

तुम्ही म्हणाल, मग मॅडमच्या लक्षात कसं नाही आलं? दर महिन्याला तर दाखवायला जात होते! तेच तर सांगते. घरी मोठ्या साहेबांच्या मेमसाब यायच्या असल्या, की कौशल्या टीव्हीचं कव्हर काढायची, सोफ्याची पन्नी काढायची. चारचौघांत वस्तू उघडी, चकचकीत दिसायला हवी, ही रीत. तसंच केंद्रात जाताना ती बसमधून उतरली की फाटकापाशी उभी राहून मला पिशवीतून काढायची, पन्नी सोलायची, पदरानं पुसायची, आणि रिकाम्या पट्ट्यांत घालून आत न्यायची. घरी परत आल्यावर नवी पन्नी.

"रोज लावता ना?" मॅडम विचारायच्या.

"रोज लावते, मॅडम. देवाशपथ."

खरंच होतं ते! मॅडम मला स्वतःच्या कानाला लावून बघायच्या. मी एकदम ठणठणीत. मग त्या भक्तीला लावायला जायच्या, आणि भक्ती माझ्याकडे बघून असा आकांत करायची की खोलीतले गालिचेही हादरावेत. मॅडम वहीत काही तरी लिहायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. मला वाटायचं, आता त्या ड्रॉवरकडे बघतील. माझे हातपाय गळायचे, म्हणजे हातपाय असते तर गळाले असते.

जानेवारी आला आणि दिल्लीवर धुकं उतरलं. एका सकाळी हात पुढे केला तर बोटं दिसेनात असं धुकं. कौशल्या दुधाची पिशवी घ्यायला दारात आली, आणि भक्ती तिच्या पायांमधून सटकून गल्लीत गेली. तिच्या छातीवर मी, माझ्यावर पन्नी, फ्लॅनेल, स्वेटर; बटणं उपटता येऊ नयेत म्हणून कानांवर कानटोपी. लांबून घरघर आली. मी ओळखली, फौजेचा मोठा ट्रक होता. हॉर्न वाजला. मला तो कांबळ्याखालून आल्यासारखा ऐकू आला, आणि त्याच्यावर पन्नीची चरचर, कारण भक्ती पळत होती. पुन्हा हॉर्न. पोर वळेना! मला तिला सांगायचं होतं, मागे बघ, मागे बघ गं! पण माझ्याकडून तिच्या कानात नुसती चरचर चाललेली. शेजारच्या भाभी कशा कुणास ठाऊक, धावत आल्या, स्वेटरला धरून त्यांनी तिला मागे ओढलं. ट्रक हातभर अंतरावरून गेला. भक्तीला काय झालं ते कळलंसुद्धा नाही. ती भाभींच्या बांगड्यांशी खेळत होती.

कौशल्या गल्लीतच खाली बसली.

त्या दिवसापासून दाराला आतून कडी. मारुतीनं मला पट्ट्यांसकट काढून कोनाड्यात ठेवलं. "ही काही कामाची नाही, कौशल्या. पोर हिला घाबरते आणि हॉर्न काही ऐकत नाही. परत देऊन टाकू. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला उपयोगी पडेल."

"अहो, अजून एप्रिल यायचाय."

"एप्रिल आला तरी काय होणार आहे?" तो मोठ्यानं बोलला, आणि मग जिच्यासाठी मोठ्यानं बोलण्याचा उपयोग नव्हता त्या पोरीकडे बघून गप्प झाला. मी त्याला रागीट समजत होते. पण तो घाबरला होता, मित्रांनो. घाबरलेली मोठी माणसं बऱ्याचदा रागावलेली दिसतात.

तरी तो ड्यूटीवर गेला की कौशल्या मला कोनाड्यातून काढून लावायचीच. फेब्रुवारीच्या शेवटी तीन महिने भरत आले. मला परत करायला निघाले. त्या दिवशी कौशल्यानं फाटकापाशी पन्नी काढली नाही. परत द्यायची वस्तू, तिच्यावर ओरखडा नको, जशी आणली तशीच गेली पाहिजे, असा तिचा हिशेब. तिनं गुलाबी पिशवीच मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"माफ करा मॅडम. आमच्या नशिबात नाही."

मॅडमनी खालचा ड्रॉवर उघडला. मी आत चिठ्ठ्या पाहिल्या आणि मला वाटलं, संपलं. मग मॅडम थांबल्या. त्यांनी पिशवीला हात लावला, दाबून पाहिली. आतून चर्र झालं.

"हे काय आहे?"

"काही नाही, मॅडम. मशीन आहे."

"तुम्ही घरी कशी लावता? मला लावून दाखवा. बिल्कुल घरी लावता तशी."

मारुतीनं भक्तीला घट्ट धरलं, कौशल्यानं पिशवी तिच्या छातीवर बांधली, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. भक्ती रडायला लागली. मॅडम बघत राहिल्या. त्यांनी ते सगळं अलगद सोडवलं, माझी आवाजाची चकती अगदी खाली फिरवली, आणि एक बटण कौशल्याच्याच कानाला लावलं.

"आता तुम्ही ऐका," त्या म्हणाल्या, आणि गुलाबी पिशवी हातात घेऊन हळूच हलवली, लहान मूल हलतं तेवढीच.

कौशल्या ताडकन मागे सरली. खुर्ची पडली. तिनं बटण कानातून उपटलं, अगदी भक्ती उपटायची तसंच. ती माझ्याकडे बघत राहिली.

"हे... हे ऐकत होती ती?"

"हो."

"तीन महिने?"

मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली.

"मी मारलं हो तिला!" कौशल्या हंबरडा फोडून रडायला लागली. "ती ओरडायची आणि मी धरून ठेवायचे, बाई! धरून ठेवायचे मी तिला!"

मारुतीनं ती पडलेली खुर्ची उचलून सरळ ठेवली, मग पुन्हा उगाचच सरळ केली.

मॅडमनी माझी पन्नी फाडली. फर्रकन. त्या म्हणाल्या, "रडा. पण सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. मशीन घरी कशी लावता, हे मी एकदा पण बघितलं नाही. रोज लावता का, एवढंच विचारत राहिले. गलती माझी पण आहे. आणि माझ्या घरचा रिमोट बघाल तर त्याला पण प्लास्टिक आहे, यार." कौशल्याला रडता रडता हसू आलं. मॅडम पुढे म्हणाल्या, "मार्च अखेरपर्यंत मशीन तुमच्याकडेच. पण आता भक्तीची भीती घालवायला हवी. ते औषधानं होत नाही."

पाच आठवडे उरले होते. आणि खरं सांगू? मला अजूनही वाटत नव्हतं की जमेल. उघड्या जाळीनं मी आता सगळं ऐकत होते, पण ती पोर मला जवळ येऊ देईल तर ना!

कौशल्यानं आधी मला स्वतःच्याच गळ्यात बांधलं. पदराच्या वर, उघडी. तशीच ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, भाभींकडे जायची. लोक बघायचे. "मेरी मशीन है," ती हसून सांगायची. माझ्या तर जिवात जीव नसायचा. फोडणी उडत होती, पाणी उडत होतं! पहिल्या आठवड्यात मला तीन ओरखडे पडले. भक्ती लांबून बघायची. मग जरा जवळून. एक दिवस तिनं बोट पुढे केलं आणि मला शिवून पळून गेली. दहाव्या दिवशी तिनं कानात एक बटण घालू दिलं, शिऱ्याच्या दोन घासांपुरतं. चरचर झाली नाही. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मग एक डोळा उघडला.

त्यानंतर कौशल्याचं तोंड दिवसभर बंद होत नसे. भक्तीला पुढ्यात घ्यायची आणि बोलत सुटायची. "ही कणीक. कणीक मळूया. पाणी घालूया. हे बघ, गोळा झाला. हा तुझा छोटा गोळा." मारुती आला की तोही बसायचा आणि लाजत लाजत बोलायचा. फौजी माणूस, कवायतीच्या आवाजात म्हणायचा, "हा बूट! हा दुसरा बूट!" भक्ती त्यांच्या तोंडांकडे बघत राहायची. पण वळणं नाही, दचकणं नाही. मार्चची वीस तारीख गेली. पंचवीस गेली. मॅडमकडची शेवटची तपासणी एकतीसला, आणि घरातली खोकी भरायला सुरुवात झाली होती. कौशल्या रात्री कुशीवर कुशी बदलायची, ते मला उशाशी ऐकू यायचं.

सत्तावीस तारखेची दुपार. कौशल्या ओट्याशी भाकरी थापत होती. भक्ती दाराकडे पाठ करून जमिनीवर वाट्या मांडत होती, मी तिच्या छातीवर. बाहेरून दारावर थाप पडली. मारुती ड्यूटीवरून लवकर आला होता.

भक्तीचा हात थांबला.

पुन्हा थाप. मी ती घेतली आणि आतापर्यंत कधी नाही अशी नीट, स्वच्छ तिच्या कानात सोडली. भक्ती दचकली! अंगभर दचकली. तिचा खालचा ओठ बाहेर आला, ती उठली, आणि धावत जाऊन आईच्या साडीत तिनं तोंड खुपसलं.

"काय गं? मुंगी चावली?" कौशल्यानं पिठाच्या हातानं तिला धरलं. "कुठं चावली?"

तिसरी थाप. भक्ती थरथरली आणि तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

कौशल्या तशीच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"अगं, उघड की!" बाहेरून मारुती.

"वाजवा," कौशल्या म्हणाली.

"काय?"

"दार वाजवा म्हणते!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? भाभी बघतायत इथं!"

"बघू दे! वाजवा हो, पाया पडते तुमच्या!"

त्यानं वाजवलं. भक्ती पुन्हा दचकली. "भ्यायली," कौशल्या म्हणाली, आणि हसत होती की रडत होती ते मला समजेना. "अहो, भ्यायली! आवाजाला भ्यायली आपली भक्ती! आता थांबा. वाजवू नका."

सगळं शांत झालं. भक्ती वाट बघत होती. मी तिच्या छातीवर होते, मला तिचं काळीज लागत होतं. थोड्या वेळानं तिनं आईची साडी सोडली. एक पाऊल टाकलं, थांबली, आणखी एक टाकलं. दारापाशी गेली. आणि आपला इवलासा तळवा उचलून तिनं आतून दारावर मारला. थप.

मग बाहेरून एक थाप आली, एकच, हलकी.

भक्तीनं आपल्या कानाला बोट लावलं. आईकडे बघितलं. पुन्हा दाराकडे वळून मारलं. थप.

बाहेरून थप.

आतून थप.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. कडी काढायची कुणाला आठवणच झाली नाही. शेवटी पलीकडून मारुतीचा आवाज आला. कवायतीचा नव्हता तो, ओळखू येणार नाही इतका चिरकलेला होता. "भक्ते?"

आणि ती हसली. मी त्या हसण्याचा आवाज घेतला आणि तिचा तिलाच ऐकवला. तेव्हा ती आणखी हसली.

मॅडमनी मला भक्तीच्या नावावर लिहून दिलं. एप्रिलमध्ये मारुती सरहद्दीवर गेला आणि आम्ही गावी. पुढची सहा वर्षं मी तिच्या छातीवर काढली. ती बोलायला उशिरा शिकली, आणि अजूनही काही शब्द तिच्या जिभेवर अडतात. ते तीन महिने मिळाले असते तर कदाचित अडले नसते; ते मला कधी विसरता येत नाही. पण ती बोलते, भांडते, बापाला फोनवर दटावते. मी आता तिच्या टेबलावर असते. वायरी तुटल्यात, जाळीत गंज आहे, अंगभर ओरखडे आहेत आणि त्यातला एकही मला नकोसा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी वेळेआधी जन्मलेलं, काचेच्या पेटीतून आलेलं बाळ असेल, तर मोठ्यांना आठवण करा, त्याचे कान लगेच तपासून घ्यायला सांगा. मोठी माणसं घाबरतात आणि 'पुढे बघू' म्हणतात. तुम्ही मागे लागा. आणि वर्गात, गल्लीत कुणी कानात मशीन घालून आलं, तर लांबून टकमक बघू नका. मी भित्री आहे, ते मूलही थोडं भ्यालेलं असेल. त्याच्या समोर या, तोंड दिसेल असे बसा, आणि बोला. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल, काहीही बोला. आम्ही ऐकतोय.